कानाचा कप

लालबागच्या नाक्यावरच्या हॉटेलात मी गेली कित्येक वर्षं सकाळी साडेसहाला चहा घेतो. काचेच्या ग्लासातला, कटिंग. गेल्या श्रावणात तिथल्या पोऱ्यानं बाकी तिघांपुढे ग्लास ठेवले आणि माझ्यापुढे कप. जाड, पांढरा, कान असलेला. मी म्हटलं, "मला का रे वेगळा?" टेबलावर फडकं मारता मारता तो म्हणाला, "काका, तुमचा ग्लास हलतो. अंगावर सांडेल." आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

माझ्या घरात बायको आहे, मुलगा-सून आहेत, आठवीतली नात आहे. सगळे रोज माझ्यासमोर चहा पितात. त्यांच्यापैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं का? आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, आलं असावं. मी ग्लास दोन्ही हातांनी धरायला लागलो होतो. पहिला घोट ग्लास न उचलता, टेबलाशी वाकून घ्यायला लागलो होतो. पण हे काय चाललंय, असं स्वतःला विचारलं नव्हतं. पोऱ्याचं तसं नाही. दिवसभर तो लोकांच्या हातात गरम ग्लास देतो. कुठला हात भरवशाचा आणि कुठला नाही, हे त्याला बघावंच लागतं.

म्हणून हे आवाहन. आठवड्यातून एक चहा, किंवा कॉफी, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसासोबत बसून घ्या. टीव्ही बंद, मोबाइल पालथा. वीस मिनिटं पुरतात. त्या वीस मिनिटांत त्या पोऱ्यासारखं बघा. तुम्ही स्वतःच साठीच्या पुढे असाल तर समोरच्याला सांगा, माझ्याकडेही जरा बघ. आणि जे दिसेल त्यावर "वय झालं, चालायचंच" असा शिक्का मारून मोकळे होऊ नका.

गॅलरी गेली

हे मुद्दाम सांगावं का लागतं? गिरगावात, परळला, लालबागला चाळीत वाढलेल्यांना माणसावर लक्ष ठेवायला कुणी शिकवलं नव्हतं. खोल्यांपुढे सगळ्यांची एकच गॅलरी, दारं दिवसभर उघडी. समोरच्या आजी हल्ली नळावरून खोलीपर्यंत कळशी दोनदा टेकवतात, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक. तिसऱ्या खोलीतले काका जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबतात आणि कुणी आलं की सहज उभं असल्यासारखं दाखवतात, हेही ठाऊक. चहा तर सगळ्यांनी एकमेकांच्या घरी प्यायलेला. त्या चौकशांचा जाच होता, भांडणंही होती. पण म्हातारं माणूस दिवसातून दहा वेळा कुणाच्या तरी नजरेखालून जात होतं.

आता टॉवर उभे राहतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून माणसं ५०० चौरस फुटांत गेली. चांगलंच झालं. ज्यांनी संडासाच्या रांगेत जन्म काढला त्यांना घरातल्या घरात संडास मिळाला, याचं मोल बाहेरच्याला कळायचं नाही. पण लिफ्ट आली आणि जिना सुटला. दार बंद झालं. जिन्यावर लागणारा दम आता कुणाला दिसत नाही. माणूस दिसतो तो सोफ्यावर बसलेला, आणि बसलेला माणूस ठणठणीतच वाटतो. गॅलरी जे आपोआप करत होती ते आता आपल्याला ठरवून करावं लागणार.

त्यात रोज बघणाऱ्या घरच्यांना काही दिसत नाही, कारण बदल कणाकणानं होतो. सहा महिन्यांनी आलेली भाची दारातच म्हणते, "मामी, किती वाळलात!" घरचे म्हणतात, "छे गं, आहे तशीच आहे." अशा वेळी भाचीचं ऐका.

हात

चहा पुढे आला की आधी हात बघा. मुख्यतः दोन प्रकारचे कंप असतात आणि ते ओळखायला कपासारखं साधन नाही. कप उचलला की, तोंडाकडे नेला की हात हलतो, आणि मांडीवर ठेवला की शांत होतो, हा एक प्रकार. तो बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला असतो. चहा-कॉफी जास्त झाली, थायरॉइड वाढलं किंवा दम्याची काही औषधं चालू असली तरी तो बळावतो. दुसऱ्या प्रकारात उलटं होतं. हात मांडीवर नुसता पडलेला असताना बोटं हलत राहतात, बहुधा एकाच बाजूची, आणि कप उचलायला गेलं की कंप कमी होतो. सोबत हालचाल मंदावते, चालताना एक हात मागे-पुढे होत नाही, अक्षर बारीक होत जातं. बँकेतला माणूस "आजोबा, सही जुळत नाही" म्हणतो तेव्हा आजोबा बँकेला शिव्या देतात. त्या सहीकडे एकदा नीट बघा. हे कंपवाताचं लक्षण असू शकतं आणि त्यावर औषध आहे. दोन्ही प्रकार डॉक्टरांना दाखवायचे, पण दोन्हींना एकच नाव देऊन घाबरायचं नाही.

माटुंग्याला फिल्टर कॉफी प्यायला गेलात तर पेल्यातली कॉफी वाटीत आणि वाटीतली पेल्यात ओततानाचा हात बघा. घरी चहा-साखरेच्या बरणीचं झाकण कोण उघडतं ते बघा. बायका वर्षानुवर्षं ती बरणी घट्ट लावत आणि उघडत आलेल्या असतात. आता झाकण नुसतं वर ठेवलेलं दिसलं, तर बोटांतला जोर ओसरतोय किंवा सांधे दुखतायत. कुणी तोंडानं सांगत नाही, झाकण सांगतं.

डोळे आणि कान

मराठीनं चष्म्याला वयाचंच नाव दिलं आहे: चाळीशी. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं बघताना त्याला पुरेसा बाक येत नाही आणि पेपर हातभर लांब जातो. टेबलावर थट्टा होते, दुसऱ्या दिवशी माणूस चष्मा करून आणतो, विषय संपतो.

साठीनंतरचं मात्र थट्टेवर सुटत नाही. चहात दूध किती पडलं ते रंगावरून कळत नाही, म्हणून चहा एक दिवस पांढराफटक आणि एक दिवस काळा होतो. निळा मोजा काळ्याबरोबर घातला जातो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात, चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलतो. हे मोतीबिंदूचं वागणं. शस्त्रक्रिया रोजची झाली आहे, ती लांबवून पडायची वेळ आणू नका. काचबिंदू जास्त लबाड. तो बहुधा दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसू देतो आणि कडेकडेनं नजर खात येतो. कप ठेवताना शेजारच्या ग्लासला सारखा धक्का लागतो, दारातून जाताना खांदा चौकटीला घासतो. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर हमखास, डोळ्यांचा दाब मोजून घ्यायचा.

आणखी एक. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानानं साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. नातवाला जो जिना उजेडाचा वाटतो तो आजीला अंधारा असतो. जुन्या इमारतीत राहत असाल तर जिन्यात चांगला दिवा लावा आणि पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा मारून घ्या. सोसायटीच्या सभेत यावर दोन तास वाद घालू नका, रंगाचा डबा आणा.

कानाचं आपण नीट केलं नाही. डोळ्यासाठी चाळीशी हा हसतखेळत घेण्याचा शब्द आहे, कानासाठी आपल्याकडे थेट ‘बहिरा’. म्हणून चष्मा मिरवतात आणि कानाचं यंत्र कपाटात राहतं. वयानं कान जातो तो एकदम जात नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ अशी अक्षरं निसटतात, बायकांचं आणि मुलांचं बोलणं कळेनासं होतं. म्हणून आजोबा म्हणतात, "ऐकू येतं रे, पण ही पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात." तोंडातल्या तोंडात कुणी बोलत नसतं. इराण्याकडे, हॉटेलात, भांड्यांच्या आवाजात हे लगेच उघडं पडतं. सगळे हसले की एक जण क्षणभर उशिरा हसतो. विचारलं एक, उत्तर दुसरंच. मग तो कट्ट्यावर यायचाच थांबतो आणि घरी सांगतो, "त्या लोकांत आता मजा राहिली नाही."

गिरणगावात याची एक जुनी गोष्ट आहे. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांचे कान मागांच्या खडखडाटानं तरुणपणीच गेले. घरात ते मोठ्यानं बोलायचे, आपण म्हणायचो गिरणीवाले, आवाजच तसा. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, खाती थंडावली, गिरण्यांच्या जागी मॉल आले. तो आवाज मात्र काही कानांत राहिला. असे जे ऐंशी-पंच्याऐंशीचे अजून आपल्यात आहेत, त्यांच्यावर ओरडू नका. समोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. हॉटेलात त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गोंगाट कमी होतो. यंत्राच्या दुकानात जाण्याआधी कानात मळ साचलाय का ते बघून घ्या. कित्येकांचं बहिरेपण एवढंच असतं. मग तपासणी. वांद्र्याला अली यावर जंग ही श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयातही श्रवणाचा विभाग आहे. आणि हे केवळ सोयीचं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण टाळता किंवा सुधारता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. कमी ऐकू येणं त्यात आहे. ज्याला बोलणं कळत नाही तो एकटा पडतो, आणि एकटेपण त्याच यादीत आहे.

जीभ, नाक, घसा

साखर किती घालतात ते बघा. वयानुसार चव आणि वास बोथट होतात. "हल्ली साखरेत गोडी नाही" म्हणत तिसरा चमचा पडतो आणि भाजीत मीठ वाढतं. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या घरात हे महाग पडतं. नासलेलं दूध ज्यांना आधी पातेल्याचं झाकण उचलताच कळायचं, त्यांनी त्याचाच चहा टाकला, तर नाकाकडे लक्ष द्या. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. ज्याचं नाक गेलं त्याच्यासाठी ती सोय नसल्यातच जमा. अशा घरात गळतीची सूचना देणारा भोंगा बसवा.

चहाबरोबर काय खातात? इराण्याकडे ब्रून मस्का बुडवून खाणं हा धर्मच आहे, त्यावरून काही ठरवू नका. पण लालबागचा चिवडा जीव की प्राण असलेला माणूस बशी पुढे सरकवून "तुम्ही घ्या, मला भूक नाही" म्हणायला लागला, तर तोंड उघडून बघा. कवळी सैल झाली असेल, दाढ दुखत असेल. दाताचं दुखणं लपवत माणूस हळूहळू चहा-खारीवर येतो, आणि चहा-खारी हे जेवण नव्हे. बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तर वजन करा. काही न करता सहा महिन्यांत, वर्षभरात वजनाचा विसावा भाग घटला असेल, म्हणजे ६० किलोतले ३ किलो, तर ते वयाच्या खात्यावर टाकायचं नाही. दाखवायचं.

पाणी पिताना, चहा पिताना वारंवार ठसका लागत असेल तर तेही सांगा. गिळण्याच्या स्नायूंचा ताल चुकला की पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

आणि एक गोष्ट, जी चाळीतल्या बायका कधीच सांगत नाहीत. संध्याकाळचा चहा त्या सोडतात तो "झोप येत नाही" म्हणून नव्हे. रात्री दोनला उठून गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत अंधारातून जायची भीती असते. म्हणून चार वाजल्यापासून चहा बंद, पाणी बंद. वयात तहान मुळातच कमी लागते, त्यात हे. मग लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, उठताना घेरी, कधी असंबद्ध बोलणं. औषधांच्या आधी इथे एक दिवा आणि सोबत लागते. चहा नको म्हणणाऱ्या आजीला एकदा विचारा, नको की भीती वाटते?

चहाचं औषधांशी गणितही ध्यानात ठेवा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-कॉफी त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. आणि संध्याकाळी पाचला प्यायलेल्या कॉफीतलं निम्मं उत्तेजक रात्री दहालाही अंगात असतं. झोपेची गोळी मागायच्या आधी ती कॉफी दुपारवर आणा.

उठणं

चहा संपला. आता उठतात कसे ते बघा; सगळ्या तपासणीत हे सगळ्यात जास्त सांगून जातं. हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का? घरी घड्याळ लावून करून बघा. हाताची घडी छातीशी, खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पायांचे स्नायू ओसरलेत. हा खेळ सत्तरीतला माणूसही सरावानं सुधारतो. रोज खुर्चीतून दहा वेळा उठ-बस आणि ताटात डाळ, दही, अंडं, मासळी. नुसतं चालणं चांगलंच. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. पण स्नायूला वजन पेलायचं काम लागतं, फेरीनं ते सगळं होत नाही.

उठल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते का? येत असेल तर रक्तदाब बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळीही याला कारण असते. पहिला उपाय फुकटचा आहे: पलंगावरून उठल्यावर मिनिटभर कडेला बसायचं. दुसरा थोड्या पैशांचा: मोरीत आणि संडासात धरायला दांडा. पडल्यावर बसवण्यापेक्षा आधी बसवलेला बरा, कारण खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरूण धरतो आणि अंथरूण माणसाला.

आठवण

आता सगळ्यांच्या मनातलं. साठी बुद्धी नाठी, ही म्हण घाबरवायला पुरते. पण ती खरी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतात साठीवरच्यांपैकी ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश असल्याचं दिसलं. म्हणजे शंभरातल्या ९२-९३ जणांना नाही. नाव जिभेवर येऊन अडणं, किल्ली कुठे ठेवली ते विसरणं, आतल्या खोलीत जाऊन कशाला आलो ते न आठवणं, ही वयाची मंदी आहे. नाव रात्री जेवताना आठवतं आणि माणूस टाळी देतो.

वेगळं काय, ते चहाच दाखवतो. चाळीस वर्षं ज्या हातांनी डोळे मिटून चहा केला, त्या हातांचा क्रम चुकतो. पावडर टाकायचीच राहते. साखर दोनदा पडते. आधण आटून पातेलं करपतं, एकदा नव्हे, महिन्यात तिसऱ्यांदा. एका कपाच्या वेळात तोच प्रश्न तीनदा येतो आणि विचारणाऱ्याला आधीचे दोन आठवत नाहीत. भाजीवाल्याशी पैशांचा हिशेब जमत नाही. रानडे रोडवरून घरी यायची रोजची वाट चुकते. मोठा फरक हा: साध्या विसरण्याची काळजी विसरणाऱ्याला असते, या विसरण्याची काळजी इतरांना.

शिक्षणानं, विद्वत्तेनं यातून सुटका होतेच असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात, ते बघितलं असेल तुम्ही. नसेल तर घरच्यांसोबत बघा.

पण घाईनं नावही देऊ नका. बी-१२ कमी असणं, थायरॉइड मंदावणं, सोडियम घसरणं, लघवीचा संसर्ग, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, महिन्यापूर्वी डोक्याला लागलेला साधा मार, नुसतं ऐकू न येणं, या सगळ्यांनी माणूस विसरभोळा, गोंधळलेला होतो, आणि यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. "वय झालं" म्हणणारा माणूस बी-१२ तपासत नाही. त्या दोन शब्दांचं खरं नुकसान हे.

एक गोष्ट थांबायची नाही

वर सांगितलं त्यातलं बहुतेक चार-आठ दिवसांत दाखवलं तरी चालेल; अचानक सुरू झालेलं असंबद्ध बोलणं मात्र त्याच दिवशी. आणि एका गोष्टीला तेवढीही सवड नाही. चहा पिता पिता तोंडाच्या एका कोपऱ्यातून ओघळला, हसताना चेहरा एका बाजूला गेला, हातातून कप निसटला, जीभ जड झाली, तर तो पक्षाघात समजा. लिंबूपाणी देत, तळवे चोळत बसू नका. तोंडात काही घालू नका, ठसका लागेल. घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा, सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी जायचंच. तो पुढच्या झटक्याचा इशारा असतो.

सांगायचं कसं

दिसलं ते सांगताना चारचौघांत सांगू नका. सुनेसमोर, नातवंडांसमोर तर नाहीच. "तुम्हाला हल्ली काही आठवत नाही" हे वाक्य माणसाला घराचं दार लावून घ्यायला लावतं. जे बघितलं तेवढंच सांगा: "अण्णा, या महिन्यात पातेलं तीनदा करपलं. माझं बीपी दाखवायला मी शनिवारी जातोय, तुम्हीही चला." सोबत जाणं हा निम्मा उपचार. आधी ओळखीचे डॉक्टर, मग गरज पडली तर केईएम, नायर, जे. जे. यांची ओपीडी. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यानं दिलेल्याही.

दोन गोष्टी फ्रिजवर लिहून ठेवा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. आणि सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं; ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. तो दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, ओपीडीसाठी नाही, हे लक्षात ठेवून आधीच काढा.

बसायची जागा नवीन शोधायला नको. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १९९७ मध्ये बेरे मीसेन या मानसशास्त्रज्ञानं पहिला अल्झायमर कॅफे सुरू केला. स्मृती हरवत चाललेली माणसं आणि त्यांच्या घरचे एकत्र बसतात, कॉफी घेतात, मोकळं बोलतात, संगीत असतं. ती कल्पना मग अनेक देशांत गेली. त्यांना कॅफे काढावा लागला. आपल्याकडे शिवाजी पार्कचा कट्टा आहे, चौपाटीवर नाना-नानी पार्क आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, नाक्यानाक्यावर हॉटेल आहे. कमी आहे ती बघायची सवय. कट्ट्यावरचा एखादा चार दिवस आला नाही तर फोन करा. पाचव्या दिवशी घरी जा.

माझ्या हाताचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी कागदावर गोल काढायला लावला, पाण्याचा पेला उचलायला लावला, आणि विचारलं, "वडिलांचा हात हलायचा का?" मी नाही म्हटलं. घरी आल्यावर मात्र आठवलं. आमचे अप्पा शेवटची सात-आठ वर्षं आईला बजावायचे, "अर्धाच कप दे." तो संपला की परत, "अजून अर्धा." आई चिडायची, दोनदा काय उठवता म्हणून. आम्ही पोरं नक्कल करायचो, अप्पांचे दोन अर्धे. मधुमेहाच्या धाकानं कमी पितात, असं आम्ही धरून चाललो होतो. भरलेला कप सांडतो, अर्धा सांडत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. रोज त्यांच्यासमोर बसूनच तर चहा पीत होतो.

माझा कंप साधा, घराण्यातून आलेला निघाला. चहा दोन वेळांवर आणलाय, औषधाची अजून गरज नाही. हॉटेलात आता मीच सांगतो, कपात दे रे. रविवारी तुमच्या घरी चहा होईल तेव्हा अर्धा कप कोण मागतंय, तेवढं बघा. आणि का, ते विचारा.